डिकीतलं ओझं जागच्या जागी

चेन्नईत अण्णा सलाईवरून जनरल पॅटर्स रोडला वळलं, की गाड्यांच्या साजशृंगाराची दुकानं सुरू होतात. सीट कव्हर, मॅट, हॉर्न, दिवे, म्युझिक सिस्टिम, सगळं इथे मिळतं आणि बरंचसं रस्त्याच्या कडेलाच बसवूनही मिळतं. अशा दुकानांत घडी घालून ठेवलेली एक काळी कापडी पेटी असते. उघडली की दोन-तीन कप्पे, बाजूला जाळीचे खिसे, उचलायला दोन बंद. हा डिकीचा ऑर्गनायझर. गिऱ्हाईक तो घेतं, डिकीत ठेवतं, त्यात फडकी, छत्री, पाण्याच्या बाटल्या टाकतं आणि झाकण लावून निघून जातं. त्यात बसवण्यासारखं काही असतं हे बहुतेकांच्या गावीही नसतं. पेटीबरोबर आलेले दोन लांब पट्टे आणि त्यांचे हुक आतल्या पिशवीत तसेच पडून राहतात.

माझ्या मते त्या वस्तूतला सर्वांत मोलाचा भाग ते पट्टेच आहेत. कप्प्यांमुळे सामान हाताशी सापडतं, डिकी नेटकी दिसते, हे खरंच. पण डिकीतल्या सामानाचा खरा प्रश्न पसाऱ्याचा नाही, वेगाचा आहे. गाडी ताशी ऐंशीने धावत असते तेव्हा डिकीतला नारळही ताशी ऐंशीने धावत असतो. गाडीला थांबवायला ब्रेक आहे, माणसाला थांबवायला सीटबेल्ट आहे. नारळाला थांबवणारं काय आहे, हा प्रश्न डिकी लावताना विचारायला हवा.

चेन्नईतल्या घरांत एक वस्तू हमखास दिसते. पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा कॅन. २०१९च्या उन्हाळ्यात शहराला पाणी पुरवणारे तलाव कोरडे पडले आणि जुलैत जोलारपेट्टैहून आगगाडीने पाणी आणावं लागलं, तेव्हा देशाला या शहराची तहान कळली. कॅनची सवय मात्र तिथे त्याच्या कितीतरी आधीपासूनची. घरपोच देणारा माणूस आला नाही की लोक दुकानातून कॅन उचलतात आणि डिकीत उभा ठेवतात. या कॅनची रुंदी साधारण सत्तावीस सेंटिमीटर, उंची पन्नासच्या आसपास. भरल्यावर वजन वीस किलोच्या वर. असं उभट भांडं किती झटक्याने कलंडेल हे त्याच्या बुडाच्या रुंदीवर आणि वजनाच्या मध्याच्या उंचीवर ठरतं. बुडाची अर्धी रुंदी साडेतेरा, वजनाचा मध्य साधारण तेवीस सेंटिमीटरवर. म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सहा दशांश इतका झटका बसला की कॅन आडवा. कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक मारला तर गाडी सहज आठ दशांशाने मंदावते. अपघात व्हायचीही गरज नाही. पुढे म्हैस आली, रिक्षा अचानक वळली, एवढ्यानेही डिकीत वीस किलो लवंडतात आणि मग प्रत्येक वळणाला घरंगळत राहतात.

अपघात झालाच, तर हिशेब फारच वेगळा होतो. गाडी ताशी ५४ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १५ मीटरने जाते आहे असं धरू. समोर काहीतरी घट्ट आलं आणि गाडीचं नाक ६० सेंटिमीटर चेपून ती थांबली. शाळेतलं साधं सूत्र लावलं तर गाडी गुरुत्वाकर्षणाच्या एकोणीस पटीने मंदावते आणि हे सारं सेकंदाच्या बाराव्या हिश्श्यात उरकतं. तेवढ्या क्षणापुरता पाच किलोच्या हत्यारांच्या पिशवीचा जोर ९५ किलोच्या वजनाइतका होतो, आणि वीस लिटरच्या कॅनचा ३८० किलोइतका. मागच्या सीटवर बसलेल्या आजी-आजोबांच्या पाठीमागे हे असतं.

याहून महत्त्वाची, पण क्वचित बोलली जाणारी गोष्ट म्हणजे मधली मोकळी जागा. सामान सीटच्या पाठीला टेकलेलं असेल तर ते सीटबरोबरच मंदावायला लागतं. पण मध्ये वीस सेंटिमीटर फट असेल, तर गाडी मंदावत असताना सामान पूर्वीच्याच वेगाने पुढे येत राहतं आणि सीटवर आदळतं ते ताशी ३१ किलोमीटरच्या फरकाने. फट पाच सेंटिमीटर असेल तर हाच फरक पंधरा-सोळावर येतो. आणि पेटी डिकीच्या दाराशी, साठ सेंटिमीटर मागे ठेवली असेल, तर गाडी पूर्ण थांबल्यावर ती पूर्ण ५४च्या वेगाने सीटवर येऊन बसते. (यात जमिनीचं घर्षण धरलेलं नाही; पण एवढ्या झटक्यापुढे ते नगण्यच.) गाड्यांच्या सीटची मजबुती तपासणारा संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतला १७ क्रमांकाचा नियम आहे. त्यात सीटच्या मागे प्रत्येकी १८ किलोचे दोन ठोकळे मोकळे ठेवून ताशी ५० किलोमीटरच्या धडकेइतका झटका देतात आणि पाठ टिकते का ते पाहतात. म्हणजे सीटची पाठ सामानाचा मार खाईल असं गृहीत धरूनच ती बनवलेली असते. मात्र मर्यादा आहे ती दोन ठोकळ्यांची. दिवाळीला गावी निघालेल्या कुटुंबाच्या डिकीत दोन ठोकळ्यांपेक्षा बरंच जास्त असतं.

म्हणून ऑर्गनायझर बसवायची जागा एकच: मागच्या सीटच्या पाठीला घट्ट टेकून, लांब बाजू सीटला समांतर. पुष्कळ जण तो डिकीच्या दाराशी ठेवतात, कारण तिथे हात पोचतो. सोय होते खरी, पण वरचा हिशेब पाहिला तर ती सर्वांत वाईट जागा आहे.

विकत घेण्याआधी मापं घ्यावीत, आणि ती गाडीच्या माहितीपत्रकातून घेऊ नयेत. पत्रकात डिकी लिटरमध्ये दिलेली असते. हे लिटर मोजायची एक प्रचलित जर्मन पद्धत अशी, की २० बाय १० बाय ५ सेंटिमीटरचे, म्हणजे बरोबर एक लिटरचे ठोकळे डिकीत जितके मावतील तितके भरायचे आणि मोजायचे. असे लहान ठोकळे चाकांच्या कमानींमागच्या कोनाड्यांत, दिव्यांच्या मागच्या खाचांतही शिरतात. चौकोनी पेटी तिथे शिरत नाही. त्यामुळे लिटरचा आकडा मोठा आणि पेटी मात्र बसत नाही, असं होतं. टेप घेऊन तीन गोष्टी मोजाव्यात. दोन्ही चाकांच्या कमानींमधलं जमिनीवरचं अंतर. सीटच्या पाठीपासून दारापर्यंतची खोली, एकदा जमिनीलगत आणि एकदा वर, कारण हॅचबॅकची काच तिरपी उतरते. आणि जमिनीपासून वरच्या पार्सल ट्रेपर्यंतची उंची. ऑर्गनायझर ट्रेच्या वर डोकावता कामा नये. डोकावला तर आरशात मागचा रस्ता दिसत नाही आणि वरचं सामान उडायला मोकळं होतं.

आपल्याकडच्या डिक्या एवढ्या अडचणीच्या का, याचं उत्तर थोडंफार अर्थसंकल्पात आहे. २००६च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी, तेही तामिळनाडूचेच, छोट्या गाड्यांवरचा अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणला. छोटी म्हणजे चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. त्यानंतर सगळा उद्योग गाड्या चार मीटरमध्ये बसवायला लागला. इंजिन आखूड होत नाही, माणसांचे पाय आखूड होत नाहीत. कापली गेली ती डिकी. २००८ची स्विफ्ट डिझायर ४१६० मिलिमीटर लांब होती आणि डिकी ४४० लिटरची. २०१२ची नवी डिझायर ३९९५ मिलिमीटरची झाली आणि डिकी उरली ३१६ लिटर. चार मीटरची ती रेघ करात अजून आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून रेघेच्या आतल्या छोट्या गाड्यांवर जीएसटी १८ टक्के आणि बाहेरच्या मोठ्या गाड्यांवर ४०.

चेन्नईच्या परिसरात ही कसरत कारखान्यांत चालते. इरुंगाट्टुकोट्टैला ह्युंदाई, ओरगडमला रेनो. ओरगडमहून २०१९ साली निघालेली रेनो ट्रायबर हे तिचं नमुनेदार उदाहरण. चार मीटरच्या आत सात माणसं बसवली, तेव्हा मागे उरली ८४ लिटर जागा, म्हणजे शाळेची दोन दप्तरं. तिसरी रांग काढून ठेवली की तीच डिकी ६२५ लिटर होते. अशा गाडीत कायमचा बसवलेला ऑर्गनायझर निरुपयोगी. घडी होणाराच हवा. डिकी या कल्पनेला तरी फार वर्षं कुठे झाली आहेत? सुरुवातीच्या मोटारींना मागे फळी असे आणि तिच्यावर खरोखरीची ट्रंक पट्ट्यांनी आवळत. ब्रिटनमध्ये १९५३ साली आलेल्या स्टँडर्ड एट गाडीच्या डिकीला बाहेरून उघडणारं झाकणच नव्हतं. मागची सीट पाडून आतून सामान टाकावं लागे. त्याच स्टँडर्ड घराण्यातल्या गाड्या पुढे चेन्नईजवळ वंडलूरला तयार होत. आज बटण दाबून उघडणाऱ्या डिकीत ट्रंक आवळायचा पट्टा तेवढा विसरला गेला.

सीएनजीवाल्यांची अडचण वेगळी. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांना सांगायला नको. डिकीत आडवी टाकी बसली की उरते ती बेचक्यातली जागा. २०२३ मध्ये टाटांनी अल्ट्रोझमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या जमिनीखाली बसवल्या आणि २१० लिटर जागा मोकळी राखली. पुढच्या वर्षी चेन्नईच्या ह्युंदाईने एक्स्टरमध्ये दोन टाक्यांचीच वाट धरली. जुन्या, एका टाकीच्या गाडीत ऑर्गनायझर बसवायचा मोह झाला तर एवढं पाळावं: टाकीला, तिच्या ब्रॅकेटला किंवा नळीला पट्टा बांधायचा नाही, टाकीवर टेकेल असं काही ठेवायचं नाही, आणि झडपेपर्यंत हात पोचण्याची वाट अडवायची नाही.

आता प्रत्यक्ष बसवणं. डिकी पूर्ण रिकामी करून झाडून घ्यावी. वाळूचे कण वेल्क्रोच्या आकड्यांत शिरले की पकड ढिली पडते. मग जमिनीवरचा तक्ता उचलून खाली काय आहे ते पाहावं. स्टेपनी, जॅक, पाना, आणि बऱ्याच गाड्यांत गाडी ओढून न्यायचा सुटा हुक. गाडी घेतल्यापासून हा तक्ता एकदाही न उचललेले कितीतरी मालक असतात. ऑर्गनायझर याच तक्त्यावर बसणार आहे आणि रात्री दोन वाजता हायवेवर पंक्चर झालं तर हाच तक्ता उचलावा लागणार आहे. म्हणून पेटी अशी बांधायची की धक्क्याने सुटणार नाही, पण हाताने बकल दाबली की क्षणात निघेल. स्क्रूने जमिनीत ठोकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये. पत्र्याखाली काही गाड्यांत इंधनाची टाकी असते, वायरी असतात, आणि भोक पडलं की समुद्राकाठच्या हवेत तिथून गंज धरतो.

पेटी घडीतून उघडल्यावर तळाची फळी नीट बसवावी. स्वस्त पेट्यांत ही फळी पुठ्ठ्याची असते. चेन्नईच्या दमट हवेत, एका ओल्या छत्रीच्या पाण्याने ती फुगते, मग पेटीचं बूड लोंबतं आणि कप्पे एकमेकांवर कलतात. फळी प्लॅस्टिकची आहे का, हे दुकानातच तळाशी बोट दाबून पाहावं. त्यासाठी चार पैसे जास्त गेले तरी द्यावेत.

वेल्क्रोचं काम समजून घेण्यासारखं आहे. जॉर्ज दे मेस्त्राल नावाच्या स्विस इंजिनिअरने १९४१ साली रानात फिरून आल्यावर कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटलेली काटेरी फळं भिंगाखाली पाहिली. आपल्याकडे शेताच्या बांधावर धोतराला लांडगे चिकटतात, तसलीच ती. फळाच्या प्रत्येक काट्याच्या टोकाला बारीक आकडा होता आणि तो कापडाच्या धाग्यात अडकत होता. त्यावरून त्याने एका पट्टीवर आकडे आणि दुसऱ्या पट्टीवर फासे अशी जोडी बनवली. ऑर्गनायझरच्या तळाला फक्त आकड्यांची पट्टी असते. फाशांचं काम डिकीच्या गालिच्याचे बारीक तंतू करतात. म्हणून गालिचा झिजून गुळगुळीत झाला असेल, किंवा वर रेक्झिनची, रबराची मॅट टाकली असेल, तर ही पट्टी काहीच धरत नाही. जनरल पॅटर्स रोडवरून सुंदर शिवलेली रेक्झिनची मॅट आणायची आणि तिच्यावर वेल्क्रोचा ऑर्गनायझर ठेवायचा, ही जोडी जमत नाही. मॅट हवीच असेल तर पेटीखालचा भाग कापून गालिचा उघडा ठेवावा. शिवाय वेल्क्रो ओढीला पक्कं, सोलायला सोपं. आडव्या घसरण्याला ते छान अडवतं. पण पेटी एका कडेने वर उचलली गेली की टरटर सोलत जातं. त्यामुळे ते रोजच्या वळणांपुरतं आणि स्पीड ब्रेकरपुरतं. धडकेसाठी पट्टाच लागतो. पट्टी तळाला शिवलेली असावी, डिंकाने चिकटवलेली नसावी. मे महिन्यात डिंक पाघळतो.

पट्टा कुठे बांधायचा, यावर सारं अवलंबून आहे. बहुतेक ऑर्गनायझरचे पट्टे मागच्या सीटच्या हेडरेस्टच्या दांड्यांना अडकवायला सांगतात. पेटी सीटला चिकटून राहावी, मागे सरकू नये, एवढ्यापुरती ती जागा बरी. डिकीच्या जमिनीवर किंवा बाजूला धातूच्या कड्या असतील तर खालचे हुक त्यांत घालावेत. या कड्या सामान बांधायलाच दिलेल्या असतात आणि गाडीच्या पुस्तिकेत त्यांची जागा दाखवलेली असते. पिशवी टांगायचा प्लॅस्टिकचा आकडा वेगळा. तो जेमतेम भाजीच्या पिशवीचं वजन पेलतो. सीटच्या पाठीमागे आणखी एक भक्कम कडी दिसते, ती लहान मुलाच्या सीटचा वरचा पट्टा अडकवायची. घरात ती सीट वापरात असेल तर त्या कडीला दुसरं काही लावू नये, आणि त्या पट्ट्याच्या वाटेत पेटीची कडही येऊ देऊ नये.

पट्टा ओढताना सीटची पाठ सरळ करून, तिचा खटका लागल्याचा आवाज ऐकूनच ओढावा. हा खटका हे डिकीतलं सगळ्यात दुर्लक्षित ठिकाण आहे. सामान काढायला सीट पाडतात, परत लावताना ती नुसती टेकवतात, खटका लागतच नाही. मग दोन ठोकळ्यांचा मार सोसू शकणारी पाठ अर्ध्या पिशवीनेही पुढे पडते. पट्टा आवळल्यावर पेटी दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे, आजूबाजूला हिसडून पाहावी. दोन बोटांपेक्षा जास्त हलली तर पुन्हा आवळावी. उरलेली पट्ट्याची शेपटी गुंडाळून खोचावी, नाहीतर ती दाराच्या कुलपात अडकते.

पेटीत काय कुठे, याला साधा नियम पुरतो. जड ते खाली आणि सीटकडे, हलकं ते वर आणि दाराकडे. त्यामागे तरफ आहे. मागच्या चाकांच्या आसाला टेकू समजा. पुढच्या आणि मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर असलेल्या गाडीत, मागच्या आसाच्या पाऊण मीटर मागे साठ किलो ठेवले, तर मागच्या चाकांवर ७८ किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे १८ किलो उचलले जातात. स्टिअरिंग पुढच्या चाकांना, ब्रेकचा मोठा भार पुढच्या चाकांवर, रात्रीच्या दिव्यांचा झोत गाडीच्या नाकावर. अठरा किलो या तिन्हींतून वजा होतात. हेच ओझं पुढे सरकवून सीटला भिडवलं की टेकूपासूनचं अंतर कमी होतं आणि त्रासही. भरलेल्या गाडीत मागच्या टायरची हवा वाढवायला लागते. किती, ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या तक्त्यात लिहिलेलं असतं.

चेन्नईची घरं डिकीत नेतात त्यांतलं पुष्कळसं सांडणारं असतं. कोयंबेडूच्या मंडईतून आणलेली फुलं आणि भाजी, कासिमेडूची मासळी, कोपऱ्यावरच्या दुकानातलं इडलीचं पीठ. त्यातलं पीठ फसवं. पिशवीत ते आंबत असतं, आणि तापलेल्या डिकीत तासाभरात पिशवी फुगून शिवण सोडते. कापडी कप्प्यात ते सांडलं तर वास महिनाभर जात नाही. म्हणून एका कप्प्यात धुता येईल असा प्लॅस्टिकचा टब बसवावा आणि ओलं ते त्यातच ठेवावं. पाण्याचा कॅन कप्प्यात उभा, सीटला भिडवून, मध्यावर आडवा पट्टा घेऊन. नारळ जाळीच्या पिशवीत, पिशवीचं तोंड बांधून.

उन्हाचं वेगळं सांगायला हवं. तामिळ पंचांगात मेच्या सुरुवातीपासून साधारण महिनाअखेरीपर्यंतच्या काळाला अग्नी नक्षत्रम म्हणतात, आणि नाव अगदी सार्थ आहे. ३१ मे २००३ रोजी चेन्नईत पारा ४५ अंशांवर गेला होता. बाहेर एवढं असताना उन्हात उभ्या बंद गाडीच्या आत पन्नास अंश सहज ओलांडले जातात. स्प्रेच्या डब्यांवर पन्नास अंशांच्या वर ठेवू नका असं छापलेलंच असतं. डिओडरंट, टायर फुगवायचा फोम, लायटर, सॅनिटायझर, पॉवर बँक, यांतलं काहीही ऑर्गनायझरमध्ये राहू देऊ नये. औषधंही नाहीत. गाडीबरोबर मिळालेली प्रथमोपचाराची पेटी मात्र डिकीतच पडून असते; उन्हाळा संपला की तिच्यातल्या चिकटपट्ट्यांचा डिंक आणि मलमांची मुदत तपासून बदल करावा.

पाऊस तिथे आपल्यासारखा जूनमध्ये येत नाही. चेन्नईचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा, ईशान्येकडच्या वाऱ्यांचा. १ डिसेंबर २०१५च्या प्रलयात आणि डिसेंबर २०२३च्या मिचौंग चक्रीवादळात कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. लोकांनी याचा असा धसका घेतला, की ऑक्टोबर २०२४ मध्ये अतिवृष्टीचा इशारा येताच वेलाचेरीच्या उड्डाणपुलावर माणसांनी आपल्या गाड्या रांगेने नेऊन लावल्या. मला त्यांचं वागणं अगदी शहाणपणाचं वाटलं. पाणी चढतं तेव्हा डिकीत सर्वांत आधी भरतो तो स्टेपनीचा खोलगट खड्डा. वरचा गालिचा कोरडा दिसतो आणि खाली आठवडाभर पाणी साचून राहतं, जॅक गंजतो, बुरशी धरते. या महिन्यांत ऑर्गनायझर सोडवून, तक्ता उचलून, आत हात फिरवून पाहायला हवा. खड्ड्याच्या तळाला रबरी बूच असेल तर ते काढून पाणी सोडता येतं. परत घट्ट बसवायला विसरू नये.

काही नव्या गाड्यांत स्टेपनीच नसते. जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला आणि ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा व पंक्चर काढायचा संच असेल तर छोट्या प्रवासी गाडीला स्टेपनी सक्तीची राहिली नाही. तो संच गाडीबरोबर मिळतो आणि जमिनीखालच्या खाचेत असतो. तो वर काढून ऑर्गनायझरमध्ये टाकायचा मोह होतो. टाकू नये. त्यातल्या हवेच्या पंपाला दीडेक किलो वजन आणि टोकदार कडा असतात, आणि त्याची खाच त्याच्यासाठीच घडवलेली असते.

आता लांबच्या प्रवासाचं. चेन्नई आणि पुणे एकाच रस्त्याच्या काठावर आहेत. पूर्वीचा चार नंबरचा, आताचा ४८ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग चेन्नईहून निघून श्रीपेरुंबुदूर, वेल्लोर, बंगळुरू, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर करत पुण्याला येतो. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक, सोनं-चांदी गाळणारे आपले लोक, तामिळनाडूत पिढ्यान्‌पिढ्या दुकानं थाटून आहेत. सणाला, जत्रेला, लग्नाला ते गावी येतात तेव्हा जवळपास हजार किलोमीटर डिकी भरलेली असते. अशा वेळी घरच्या ऑर्गनायझरवर भिस्त ठेवू नये. तो रोजच्या सामानासाठी आहे. मोठ्या बॅगा खाली आडव्या, सीटला भिडवून. त्यांच्यावर मऊ गाठोडी. आणि सगळ्यांवरून, जमिनीच्या कड्यांना हुक लावलेली जाळी. मागे कुणी बसलं नसेल तर मागच्या सीटचे बेल्ट रिकामेच लावून ठेवावेत. ज्या गाड्यांत बेल्टचं वरचं टोक गाडीच्या सांगाड्यात असतं, तिथे तो आडवा पट्टा सीटच्या पाठीला पुढे पडण्यापासून थोडाफार धरून ठेवतो.

तीन वस्तू मात्र बॅगांच्या ढिगाखाली जाऊ द्यायच्या नाहीत: लाल परावर्तक त्रिकोण, टॉर्च आणि चमकणारं जाकीट. त्यांची जागा दाराच्या बाजूच्या खिशात, झाकण उघडताच हाताला लागेल अशी. वेल्लोरच्या पुढे अंधारात गाडी बंद पडली तर आधी त्रिकोण मागे नेऊन ठेवायचा असतो, मग बॅगा उतरवायच्या, मग स्टेपनी. बॅगाही रस्त्याच्या बाजूला नाही, कठड्याच्या पलीकडे. आणि निघण्याआधी हवा भरताना पंपावरच्या मुलाला पाचवं चाकही दाखवावं. त्यासाठी ऑर्गनायझरची बकल सोडायला लागते, तक्ता उचलायला लागतो, म्हणून ते टाळलं जातं. स्टेपनीतली हवा उभ्या उभ्याच हळूहळू उतरत असते.